वाघाटी कोणाची ?

रानांतील उपयुक्त वनस्पती शेतांत आणून लावाव्या, हा उपदेश अलीकडे सर्व बाजूंनीं ऐकूं येतो. शेतकीचे तज्ज्ञ तो करतात, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक करतात, आणि पावसाळा आला कीं वर्तमानपत्रेंहि रानभाज्यांच्या वर्णनाच्या शेवटीं तो न विसरतां करतात. रान आटत आहे. जें आज तेथें आहे तें उद्यां राहीलच असें नाहीं. तेव्हां तें आपल्या बांधावर, परसांत किंवा वाफ्यांत आणून ठेवावें, म्हणजे वनस्पतीवर उपकार होईल व आपलाहि लाभ होईल, असा या उपदेशाचा मथितार्थ आहे. यांत खोटें कांहींच नाहीं. परंतु जो उपदेश सर्वांस एकदम पटतो त्याकडे अंमळ अधिक वेळ पाहावें, अशी शिकविण्याच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसांची खोड असते. तसें पाहतां या उपदेशाच्या पोटांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रश्न हवेंत मांडण्यापेक्षां एका वनस्पतीच्या आधारानें मांडलेला बरा. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील माळांच्या उतारांवर, ओढ्यांच्या कांठीं आणि जुन्या शेतांच्या वईवर वाघाटी नांवाची एक कांटेरी वेल चढलेली आढळते. पानाच्या बुडाशीं जोडीनें येणारे तिचे आंकडेबाज कांटे वाघाच्या नख्यांसारखे दिसतात. नांव त्यावरूनच पडलें असावें. तिचें दुसरें नांव गोविंदफळ. शास्त्रीय नांव कॅपॅरिस झेलॅनिका, म्हणजे सिंहलद्वीपची कॅपॅरिस. हें नामकरण लिनीअसचें. उन्हाळ्याच्या तोंडीं तिला फुलें येतात. लांब पांढऱ्या केसरांचा झुबका असलेलें हें फूल उमलतांना पांढरें असतें आणि उतरतांना गुलाबी-जांभळें होतें. फळ लिंबाएवढें, गोल, जाड देंठाचें. कच्चें असतां हिरवें, पिकल्यावर तांबडें. पांढऱ्या-पिवळ्या फुलपांखरांच्या कुळांतील कित्येक जातींच्या अळ्या हिच्याच पानांवर वाढतात. भूमध्यसमुद्राच्या कांठचे लोक जिच्या कळ्या मिठांत मुरवून खातात, ती केपर म्हणजे हिची चुलत बहीण. इटलीच्या पांतेल्लेरिया बेटावर त्या केपरची रीतसर शेती होते, आणि बेटाच्या नांवानें तिचा माल परदेशीं जातो. आमच्या वाघाटीस असें भाग्य लाभलेलें नाहीं. ती दुर्मिळ आहे असें मात्र कोणी समजूं नये. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ती पसरलेली आहे. दुर्मिळ होत चालली आहे ती तिची ओळख. शहरांतील दहा सुशिक्षितांस ती वेल दाखविली, तर नऊ जण तिला नुसतें कांटेरी झुडूप म्हणतील, आणि दहावा विळा शोधूं लागेल.

वर्षांतील एक दिवस मात्र तिचा असतो. आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीस सोडावयाचा आणि त्या पारण्याच्या पानांत वाघाट्याची भाजी असावयाची, असा देशावरील पुष्कळ घरांचा नेम आहे. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यांत येते, आणि लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे मुक्काम करीत पुढें सोलापूर जिल्ह्यांत शिरते. ती ज्या मुलुखांतून जाते त्याच मुलुखाच्या माळांवर या सुमारास वाघाटी फळांनीं लवलेली असते. फळ कोंवळें व हिरवें असतांनाच काढतात. तें चिरून आंतील बिया काढून टाकतात, कारण कडूपणा तेथें फार. मग उकडून, पाणी पिळून काढून तेलावर परततात. कोणी डाळ घालतात, कोणी गुळाचा खडा. चातुर्मास लागलेला असल्यामुळें ज्या घरीं तो पाळतात तेथें कांद्या-लसणाचा आधार नसतो, आणि इतकें करूनहि थोडी कडसर चव उरतेच. ती उरावी असाच हा नेम घालून देणाराचा हेतु असावा, अशी आम्हांस शंका आहे.

दशमी-एकादशीस बाजाराच्या कडेला पोतें अंथरून कांहीं बायका बसलेल्या दिसतात, आणि त्यांच्यापुढें वाघाट्यांचे वाटे मांडलेले असतात. त्यांच्या हातांवर ओरखडे असतात. वाघाटी आपलें फळ सुखासुखीं कोणास देत नाहीं. बंगल्यांतून गिऱ्हाइकें येतात, रानच्या फळाला इतका कां भाव म्हणून घासाघीस करतात, आणि नेम मोडूं नये म्हणून शेवटीं वाटा उचलतात. द्वादशीची पंगत उठली कीं मग त्या फळाला कोणी विचारीत नाहीं.

या नेमाचा बुद्धीनें विचार करूं गेल्यास पहिली अडचण औषधाची येते. वर्षांतून एकदां वाघाटें पोटांत गेलें म्हणजे वर्षभर प्रकृति चांगली राहते, असें जुनीं माणसें सांगतात. पानांचें पोटीस सुजेवर व गळवावर बांधण्याची आणि मुळाची साल पोटाच्या तक्रारींवर देण्याची चाल खेड्यांतून आहे, व तिच्यांत कांहीं तथ्य असेलहि. परंतु जें औषध एकदां घेतलें असतां तीनशें चौसष्ट दिवस पुरतें, तें औषध नव्हे, ती श्रद्धा होय. कऱ्हाडाजवळच्या ज्या टेंभू गांवीं १८५६ सालीं गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला, त्या गांवच्या परिसरांत राहून अशा समजुतीची वकिली करणें शोभणार नाहीं. १८८८ सालीं ‘सुधारक’ काढून आगरकरांनीं प्रत्येक रूढीस तिचें प्रयोजन विचारण्याची जी संवय महाराष्ट्रास लावली, ती सोडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. वाघाट्याच्या भाजीनें रोग बरा होतो काय, या प्रश्नाचें उत्तर प्रयोगशाळेनें द्यावें. द्वादशीचा नेम त्या उत्तरावर उभा नाहीं.

मग तो कशावर उभा आहे ? नेमाचें गणित मांडून पाहिलें म्हणजे उलगडा होतो. फळ मागितलें जातें तें दोन-तीन दिवस. त्या अवधींत जेवढीं हातीं लागतील तेवढीं वाघाटीं काढलीं जातात. जीं उंच राहिलीं, दाट कांट्यांत राहिलीं, किंवा द्वादशीपर्यंत पुरतीं भरलीं नव्हतीं, त्यांस मग कोणी हात लावीत नाहीं. तीं पिकतात, तांबडीं होतात, पांखरें तीं फोडतात, आणि पुढच्या पिढीचें बीं त्यांतून पडतें. शिवाय काढावयाचें तें फळ; मूळ नव्हे, खोड नव्हे. एका अंगानें मर्यादा आणि दुसऱ्या अंगानें सक्ति, असा हा दुहेरी नेम आहे. वर्षांतून एकदां तरी ती वेल कोठें आहे हें कोणास तरी ठाऊक असलें पाहिजे, आणि एकाहून अधिक वेळां तिला त्रास देण्याचें कारण नाहीं. हें कोणीं बुद्धिपुरःसर ठरविलें असें आम्ही म्हणत नाहीं. रूढी पुष्कळदां आपल्या कर्त्यांपेक्षां शहाण्या असतात, आणि तितक्याच वेळां मूर्खहि असतात. ही पहिल्या वर्गांतली निघाली इतकेंच.

आतां वाघाटीवर आलेलें संकट पाहूं. तिला कोणी उपटून नेत नाहीं. तिची वई जाते, आणि वईबरोबर ती जाते. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत या तालुक्यांतील जमीन पिढ्यान् पिढ्या पावसाकडे डोळे लावून बसलेली. तेथें बांध रुंद असत, कारण अरुंद करून मिळवावयाचें तें काय होतें? आतां त्याच टेंभूपाशीं कृष्णेचें पाणी अडवून, तें टप्प्याटप्प्यानें उचलून खानापूर-आटपाडीच्या माळांवर नेण्यांत आलें आहे; ताकारी व म्हैसाळ येथूनहि तसेंच पाणी चढविलें जातें. पाणी आलें कीं एकेक हात जमिनीला मोल येतें. बांध दोरीएवढा होतो, वईच्या जागीं तारेचें कुंपण येतें, ओढ्याची कड सारखी केली जाते, आणि जेथें वाघाटी होती तेथें ऊस, द्राक्ष किंवा डाळिंब उभें राहतें. यावर उसासे टाकणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून दिवस काढलेल्या माणसांच्या शेतांत पाणी आलें याचा ज्यास आनंद होत नाहीं, त्याच्या निसर्गप्रेमाची आम्हांस थोडी भीतिच वाटते. परंतु आनंदाच्या गोष्टीचेंहि मोल कोणीतरी देत असतें, आणि तें कोण देतें हें पाहणें हा नीतिशास्त्राचा धंदा आहे.

तेव्हां उपदेशक म्हणतात, वाघाटी लावा. लावणें कठीण नाहीं. पिकलेल्या फळाचा गर धुवून काढून ताजें बीं पावसाळ्यांतच पेरावें, रोप जरा मोठें झालें म्हणजे त्याला चढावयास आधार द्यावा, आणि मग त्याला फारसें विचारूं नये. माळाची संवय असलेली ती वेल पाण्यासाठीं अडून बसत नाहीं. द्वादशीच्या सुमारास फळाला जो भाव येतो तो पाहिला म्हणजे एखाद्या हुषार बागाइतदारानें अर्ध्या एकरांत वाघाटीच्या ओळी उभ्या केल्या, तारांवर चढविल्या, आणि एकादशीस टेंपो भरून माल पुण्या-मुंबईस पाठविला, तर त्यांत आश्चर्य नाहीं. तसें झालें तर वाघाटी वांचली, असेंच सर्व म्हणतील.

आमचा प्रश्न येथें सुरू होतो. वाघाटी वांचली, पण पोत्यावर बसणारी ती बाई कोठें गेली?

तिच्याजवळ जमीन नाहीं, किंवा असली तर नांवाला आहे. वाघाटी ज्या ओढ्यावर व ज्या बांधावर होती तोहि तिचा नव्हता. तिचें असें एकच भांडवल होतें : वेल कोठें आहे, फळ केव्हां धरतें, कोणत्या अंगानें हात घातला असतां कांटे लागत नाहींत, आणि हिरव्या फळांपैकीं कोणतें काढावयाचें व कोणतें सोडावयाचें, याचें ज्ञान. रानांतील वनस्पति शेतांत आणणें म्हणजे या भांडवलाची किंमत शून्य करणें होय. ज्याच्यापाशीं जमीन आहे त्याला उद्यांपासून हें ज्ञान लागत नाहीं. वेल त्याच्या ओळींत उभी असते आणि पंचांग त्याच्या भिंतीवर असतें. वनस्पति तीच, फळ तेंच, खाणारे तेच. मधल्यामध्यें एक वस्तु भूमिहीनाच्या हातून भूमिधराच्या हातीं गेली, आणि गेली ती चोरीनें नव्हे, कायदा मोडून नव्हे, उलट सर्वांच्या शाबासकीनें गेली.

पाश्चात्य तत्त्वज्ञांपैकीं जॉन लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस मालमत्तेची जी उपपत्ति मांडली, तिच्यांत रानचें फळ हेंच मुख्य उदाहरण आहे. रान सर्वांचें, परंतु ज्यानें झाडाखालचीं फळें वेंचलीं त्यानें आपले श्रम त्यांत मिसळले, म्हणून तीं त्याचीं झालीं, अट इतकीच कीं इतरांसाठीं पुरेसें आणि तितकेंच चांगलें शिल्लक राहावें. या उपपत्तीप्रमाणें वाट्यांतलीं वाघाटीं त्या बाईचीं आहेत याबद्दल शंका नाहीं. परंतु लॉकनें श्रम म्हणून जे धरले ते वांकण्याचे व उचलण्याचे श्रम. ओळखण्याचे श्रम त्यानें हिशेबांत घेतलेच नाहींत, कारण ओकाचें किंवा सफरचंदाचें फळ ओळखावयास त्यास श्रम पडत नव्हते. कडू, कांटेरी, बेवारशी दिसणाऱ्या वेलीचें फळ खातां येतें, केव्हां खातां येतें, आंतील काय टाकून खातां येतें, हें कोणीतरी प्रथम जीव धोक्यांत घालून शिकलें असलें पाहिजे, आणि मग शेंकडों वर्षें सासूनें सुनेला व आईनें लेकीला दाखविलें असलें पाहिजे. वेंचण्याचे श्रम एका दिवसाचे. हे श्रम पिढ्यांचे. पहिल्या श्रमांनीं जर मालकी उत्पन्न होते, तर दुसऱ्या श्रमांनीं कांहींच उत्पन्न होत नाहीं, असें कोणत्या तोंडानें म्हणावें ?

असें कोणी म्हणेल कीं, हा हक्क आतां कायद्यानेंहि मान्य केला आहे. कांहीं अंशीं खरें आहे. हळदीच्या एकस्वाची हकीकत पुष्कळांस आठवत असेल. जखम भरून येण्यास हळद लावणें हा नवा शोध समजून अमेरिकेंत १९९५ सालीं एकस्व देण्यांत आलें. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, आणि १९९७ सालीं तें रद्द झालें. ज्या सांगलीच्या पेठेंत हळदीचे सौदे होतात आणि जिच्या शेजारीं हरिपुरास जमिनींतल्या पेवांत हळद सांठवीत, त्या सांगलीस हा विजय विशेष गोड वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु तो विजय मिळाला कशाच्या बळावर ? जुन्या ग्रंथांच्या व छापील निबंधांच्या. हळदीचा उपयोग लिहिलेला होता म्हणून तो आपला ठरला. पुढें २००२ सालीं जैविक विविधतेचा कायदा झाला, लाभांत वांटा देण्याचें तत्त्व त्यांत आलें, आणि गांवोगांवच्या वनस्पतींची व त्यांच्या उपयोगांची नोंदवही ठेवण्याची योजना निघाली. २००६ च्या कायद्यानें जंगलांत राहणारांचा गौण वनोपजावरचा हक्क मानला. हे दोन्ही कायदे चांगले आहेत. पण आमची वाघाटी सरकारी जंगलांत नाहीं, दुसऱ्याच्या बांधावर आहे; आणि तिची लागवड करणारा बागाइतदार कांहीं परदेशी कंपनी नव्हे, तो त्या बाईच्याच गांवचा, कदाचित् तिच्याच भावकीचा माणूस आहे. त्याच्याविरुद्ध कोणत्या कलमाखालीं दाद मागावयाची ? मागावी असेंहि आम्ही म्हणत नाहीं.

नोंदवहीविषयीं एक गोष्ट जातां जातां सांगितली पाहिजे. लिहून ठेवणें नेहमींच निरुपद्रवी असतें असें नाहीं. सह्याद्रीच्या माथ्यावर नरक्या नांवाचें एक लहानसें झाड आहे. त्याच्या लांकडाला घाण येते म्हणून त्याला हें नांव. शेंकडों वर्षें त्याला कोणी विचारलें नाहीं. १९६६ साली वॉल व वाणी या शास्त्रज्ञांनीं एका चिनी वृक्षांतून कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें केलें, आणि १९७२ साली तेंच द्रव्य आपल्या नरक्यांत आहे असें गोविंदाचारी व विश्वनाथन् यांनीं प्रसिद्ध केलें. कर्करोगावर चालणारीं मोलाचीं औषधें पुढें या द्रव्यापासून तयार झालीं. तीं घेऊन ज्यांचें आयुष्य वाढलें त्यांच्या दृष्टीनें हा शोध वरदानच. परंतु सातारा-कोल्हापूरच्या डोंगरांत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली ती त्या ज्ञानामुळेंच, आणि तोडणाराच्या हातीं पडली ती चार दिवसांची मजुरी. नरक्याच्या बाबतींत लागवड हाच उपाय होता, व तो वेळेवर व्हावयास हवा होता, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्याचें खोड व मूळ लागतें तें रानांतून नेणें म्हणजे मारणेंच. वाघाटीची गोष्ट वेगळी आहे, आणि लागवडीचा एकच उपदेश दोघांनाहि करणारांस हा भेद दिसत नाहीं, ही आमची तक्रार आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत या विषयावर एक चमत्कारिक वर्गीकरण आढळतें. उपजीविकेचे प्रकार सांगतांना मनूनें शेतांत पडलेले दाणे व कणसें वेंचून जगण्यास ‘ऋत’ म्हटलें आहे, आणि शेतीस ‘प्रमृत’. ज्या शब्दांत सत्याचा अर्थ आहे तो वेंचणाराला, आणि ज्यांत मरणाचा अर्थ आहे तो नांगर धरणाराला ! मनूचीं सगळींच मतें शिरोधार्य मानण्याइतके आम्ही जुने नाहीं, आणि हें वर्गीकरण त्यानें ब्राह्मणाच्या सोयीसाठीं केलें हेंहि उघड आहे. पोत्यावरच्या बाईला त्यानें ‘ऋत’ दिलें असतें असें वाटत नाहीं. महाभारतांतील अश्वमेधाच्या शेवटीं येणाऱ्या मुंगसाच्या गोष्टींतहि, युधिष्ठिराच्या यज्ञाहून वरचढ ठरतें तें उंछवृत्तीनें राहणाऱ्या एका कुटुंबाचें पीठ. तें कुटुंबहि ब्राह्मणाचेंच. तथापि वेंचणें ही एक वृत्ति आहे, तिला स्वतःची प्रतिष्ठा आहे, हा विचार आपल्याकडे होता एवढें यावरून निश्चित होतें. आणि तो पोथींतच राहिला नाहीं. पीक काढून नेल्यावर मागें पडलेला सरवा गरिबांनीं वेंचावा, त्यास शेतकऱ्यानें आडकाठी करूं नये, ही रीत आपल्या खेड्यांत पुष्कळ काळ चालली. बायबलांतील रूथची सगळी कथा असल्याच सरव्यावर उभी आहे.

इंग्लंडांत या रिवाजाचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. सरवा वेंचण्याचा हक्क सामान्य कायद्याप्रमाणें कोणासहि नाहीं, असा निकाल तेथील न्यायालयानें १७८८ साली दिला, आणि जो हक्क होता तो मेहेरबानी झाला. त्यानंतर पन्नास-पंचावन्न वर्षांनीं, म्हणजे १८४२ साली, कार्ल मार्क्स या तरुण संपादकानें जर्मनींतील लांकूडचोरीच्या कायद्यावर लिहितांना अशाच एका फळाची गोष्ट सांगितली आहे. गरिबांचीं मुलें रानांतील बोरांसारखीं फळें वेंचीत असत; त्या फळांना परदेशीं गिऱ्हाईक मिळूं लागलें तेव्हां वेंचण्याची बंदी झाली. मार्क्सच्या पुढील सिद्धान्तांशीं आमचें पटो वा न पटो, त्याचें हें निरीक्षण मार्मिक होतें. जोंवर फळाला भाव नसतो तोंवर तें गरिबाचें असतें.

आमच्या विवेचनावर दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा कीं, वाघाटीची बाग झाली तर फळें तोडावयास माणसें लागतीलच. त्या बाईला तेथें मजुरी मिळेल, आणि दोन दिवसांच्या बाजाराऐवजीं कदाचित् अधिक दिवसांची मिळेल. मिळेल हें खरें. परंतु ओढ्यावरून फळ काढून आणणारी बाई आपल्या पाटीची धनीण असते. वाट्याचा भाव ती सांगते. गिऱ्हाईक आवडलें नाहीं तर तोंड फिरवते. बागेंत तीच बाई दुसऱ्याच्या फळाची तोडणारी होते, आणि किती वाजतां यावें, किती वाजतां जावें हें तिला सांगितलें जातें. पैशाची रक्कम दोन्हीकडे सारखी धरली तरी या दोन स्थिती सारख्या नाहींत. ज्यांस त्या सारख्या वाटतात त्यांनीं स्वतःच्या जागीं कल्पना करून पाहावी. आम्हां नोकरदारांस ती करणें फारसें अवघड जाऊं नये.

दुसरा आक्षेप आमच्या मर्मावर बसणारा आहे. कांट्यांत हात घालून दोन पैसे मिळविणें यांत कसलें आलें आहे स्वातंत्र्य ? गरिबीला काव्याचें रूप देणें ही सुखवस्तु प्राध्यापकांची जुनी करमणूक आहे; त्या बाईच्या मुलीला विचारा, ती वाघाटी वेंचावयास तयार आहे काय ? ती तयार नसेल, आणि नसावी असेंच आम्हांसहि वाटतें. तिनें शिकावें, नोकरी करावी, द्वादशीस बाजारांतून वाटा विकत आणावा. परंतु एखादी वाट माणसानें आपण होऊन सोडणें निराळें, आणि ती त्याच्या पायाखालून काढून घेणें निराळें. आणि सोडून जाणाराचेंहि कांहीं देणें उरतेंच. कांटनें १७८५ साली केलेला भेद येथें उपयोगीं पडतो : कांहीं वस्तूंस किंमत असते, म्हणजे त्यांच्या जागीं तितक्याच मोलाची दुसरी वस्तु ठेवतां येते, आणि कशाकशाला प्रतिष्ठा असते, तिची अशी बदली होत नाहीं. कांटनें ही प्रतिष्ठा माणसालाच दिली, वनस्पतीस दिली नाहीं, व त्या बाबतींत आम्ही त्याच्याच बाजूचे आहों. वाघाटीचें फळ हें किंमतीचें आहे. तें बागेंतलें असो कीं ओढ्यावरचें, भाजी तीच होते. तें ओळखणारी बाई मात्र किंमतीच्या सदरांत बसत नाहीं, आणि लागवडीच्या जमाखर्चांत तिचें नांव कोठेंच नसतें.

मग लावूं नये काय ? लावावी. वई गेल्यावर न लावतां ती राहणार नाहीं, हें वर सांगितलेंच. पण कोठें लावावी याला महत्त्व आहे. ओळींत, तारेच्या आंत लावलेली वाघाटी एका माणसाची होते. बांधाच्या रस्त्याकडच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला, गायरानांत, शाळेच्या कुंपणावर, देवळामागच्या राईंत लावलेली वाघाटी पूर्वीसारखीच कोणाची नसते, म्हणून सर्वांची राहते. ज्या शेतकऱ्यानें टेंभूच्या पाण्यावर चार एकर डाळिंब उभें केलें, त्यानें वाटेकडचा एक कोपरा तारेबाहेर सोडला तर त्याचें दिवाळें निघणार नाहीं. ग्रामपंचायतींस दर पावसाळ्यांत झाडें लावण्याचा हुकूम येतो, आणि गुलमोहर व तत्सम परकी रोपें लावून तो पुरा केला जातो. त्यांतलीं दहा रोपें वाघाटीचीं असावयास हरकत कसली? कांट्यांची भीति हें एक कारण सांगण्यांत येईल. पण जनावरांपासून स्वतःचें रक्षण करणारें रोप हें, दरसाल त्याच खड्ड्यांत नवें लावाव्या लागणाऱ्या रोपापेक्षां काटकसरीचें, एवढें तरी पंचांस पटावें.

बियांचा प्रश्न राहतो. बाजारांत येतें तें फळ कोंवळें. त्यांतलें बीं उगवण्याच्या कामाचें नसतें. बीं हवें असेल त्यानें द्वादशी होऊन गेल्यावर, फळ तांबडें होण्याच्या सुमारास, त्या पोत्यावरच्या बाईकडेच जावें. कोणत्या ओढ्याच्या कोणत्या वळणावर चार फळें पिकावयास राहिलीं आहेत हें तिला ठाऊक असतें. त्या चार फळांचा ती जो भाव सांगेल तो द्वादशीच्या वाट्यापेक्षां जास्त असला, तरी तेवढ्यापुरती घासाघीस करूं नये.